मेहरवर्जाचा डावा डोळा

प्राचीन इराणचा राजा मेहरवर्ज आपला डावा डोळा परत मागायला आमच्या कोशमंडळात आला तो सोमवार होता, आणि तक्रारी आम्ही बुधवारी घेतो. इराप्पा शिपायाने त्याला तसं सांगितलं. राजा दोन दिवस व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिला.

बाकावर बसणाऱ्यांची आम्हाला सवय आहे. कोशात जे छापून येतं ते ज्याच्याविषयी छापलं त्याला लागू होतं, त्यामुळे नवी आवृत्ती निघायची म्हटली की माणसं येतातच. मागे एक कवयित्री आपलं जन्मगाव मागायला आली होती. एक सेनापती दर वर्षी येतो. त्याचा घोडा आम्ही पांढरा छापला, तो मुळात काळा होता. इराप्पा सगळ्यांना पाणी देतो आणि बुधवारी या म्हणून सांगतो.

मी उपळेकर, इतिहास विभागाचा सहसंपादक. मिरजेच्या या इमारतीत मला अडतीस वर्षं झाली. सहसंपादक म्हणजे जो नोंदी लिहितो तो, आणि मुख्य संपादक म्हणजे जो त्यांच्यावर सही करतो तो. आमचे मुख्य संपादक डॉ. पद्मनाभ हुद्दार यांनी बारा वर्षांत एकही नोंद लिहिलेली नाही, पण साधनांच्या विश्वासार्हतेवर अठ्ठेचाळीस पानांची नियमावली लिहिली आहे. ती कुठल्या साधनांवरून लिहिली, हे विचारण्याची सोय त्या नियमावलीत नाही.

बुधवारी अकरा वाजता राजा आत आला. उंच माणूस, कुरळी दाढी, डोक्यावर उंच टोपी. डाव्या बाजूचं दिसत नसल्यामुळे दाराच्या चौकटीला त्याचा खांदा आपटला. नोंद मराठीत असल्यामुळे तो मराठीच बोलत होता, आणि तीही आमच्या कोशाची.

"सदर डोळा पहिल्या आवृत्तीपर्यंत सुस्थितीत होता," राजा म्हणाला. "दुसऱ्या आवृत्तीपासून तो अधू आहे. तत्पूर्वी तो अधू असल्याचा उल्लेख अन्यत्र आढळत नाही."

"बसा, महाराज," हुद्दार म्हणाले. "कारकीर्द किती?"

"अकरा महिने."

हुद्दारांनी माझ्याकडे पाहिलं. अकरा महिन्यांच्या राजाला किती वेळ द्यायचा, याचा त्यांचा हिशेब त्या एका नजरेत झाला होता. "मागणी?"

"तिसऱ्या आवृत्तीत एक वाक्य वगळावे. 'तो डाव्या डोळ्याने अधू होता.'"

"अडचण काय होते आपल्याला? एक डोळा आहे की."

"इराणमधील कड्यावरील शिल्पात मी कोरलेला आहे, आणि राणी अनुशाद माझ्या डाव्या हाताला उभी आहे," राजा म्हणाला. "मान दगडाची असल्याने वळत नाही. पूर्वी ती डाव्या डोळ्याच्या कडेने दिसत असे. दुसऱ्या आवृत्तीपासून दिसलेली नाही."

"इकडे येताना बघायचं होतं," हुद्दार म्हणाले.

"कड्यावरून उतरताना पाठ कड्याकडे असते. तक्रारीसाठी येण्याजाण्याची मुभा आपल्या नियमावलीत आहे. वळून पाहण्याची नाही."

हे खरं होतं. हुद्दारांनी पान उघडून खात्री केली आणि समाधानाने मान हलवली. ते अधू डोळ्याचं वाक्य मात्र मी लिहिलं होतं.

साल सत्त्याऐंशी. जेवताना काम करायचं ही आमच्या विभागाची रीत, आणि तिचा आम्हाला कोण अभिमान! डाव्या हाताला डबा, उजव्या हाताला ग्रंथ, मध्ये ज्ञान. त्या दुपारी शेंगदाण्याच्या चटणीतलं तेल इराणी शिल्पांच्या छायाचित्रांच्या पुस्तकावर सांडलं, ते नेमकं या राजाच्या डाव्या डोळ्यावर. संध्याकाळी मी त्याच पानावरून नोंद लिहिली. डोळा मला मिटलेला दिसला आणि मी तसं लिहून मोकळा झालो. तो तेलाचा डाग होता हे वर्षभराने लक्षात आलं, पण तोवर खंड छापून झाला होता. मी गप्प बसलो. म्हटलं, अकरा महिन्यांचा राजा, कोण विचारतंय.

"या वाक्याला आधार आहेत," हुद्दार म्हणत होते. त्यांच्यापुढे यादी होती. "एक, प्राध्यापक सदलगे यांचा ग्रंथ. शिकारीत भावाचा बाण लागून डोळा गेला, असं ते स्पष्ट म्हणतात. दोन, डॉक्टर मेढेकर यांचा राजघराण्यांतल्या नेत्ररोगांवरचा लेख. त्यात बाणामागोमाग जंतुसंसर्ग झाल्याचं निदान आहे. तीन, स्पर्धा परीक्षांचं मार्गदर्शक. 'इराणचा एकाक्ष राजा कोणता?' उत्तर, आपण. तीन स्वतंत्र छापील साधनं, महाराज. आपल्या बाजूने काय आहे?"

"मी आहे," राजा म्हणाला.

"आपण हितसंबंधी आहात."

"शिल्प आहे. त्यात दोन्ही डोळे उघडे कोरलेले आहेत."

"शिल्प हे मूळ साधन. ते बघून डोळे मोजणं म्हणजे स्वतःचं संशोधन झालं. कोशात संशोधनाला बंदी आहे."

"बंधू बरजाद याचा शिलालेख आहे. त्याने मला पदच्युत केले. लेखात तो मला लबाड, मद्यपी, भित्रा आणि फेंगडा म्हणतो. डोळ्यात व्यंग असते तर त्याने ते वगळले नसते."

माझ्या मते हा मुद्दा बिनतोड होता. हुद्दारांनी तो क्षणभर तोंडात घोळवला. "जो माणूस एवढं बोलतो आणि नेमका डोळ्याबद्दल गप्प बसतो, तो काहीतरी लपवतोय," ते म्हणाले. "पक्षपाती साधन. बाद."

इराप्पा चहा घेऊन आला होता. कप ठेवता ठेवता तो म्हणाला, "ह्येंचं बुबुळ हलतंय की ओ साहेब, पापणीखाली. दोन दिवस बघायलोय मी. नुसतं झाकलंय ते."

"इराप्पा, तू प्रत्यक्षदर्शी आहेस," हुद्दार म्हणाले. "बाहेर जा."

इराप्पा गेला. राजाने कपाकडे हात नेला, पण कप डावीकडे होता, आणि त्याची बोटं बशीच्या अलीकडेच टेबलावर फिरत राहिली. मला ते बघवेना. मी उठलो, ग्रंथालयातून तिन्ही पुस्तकं आणली आणि हुद्दारांसमोर शेजारी शेजारी उघडून ठेवली. मार्गदर्शकवाल्याने मेढेकरांच्या लेखातून घेतलं होतं, मेढेकरांनी सदलग्यांच्या ग्रंथातून, आणि सदलग्यांच्या तळटीपेत आमच्याच कोशाचं नाव होतं, दुसरी आवृत्ती, पान क्रमांकासकट. बाण तेवढा सदलग्यांचा स्वतःचा होता. विद्वान माणसाला नुसता डोळा उचलायची लाज वाटते, म्हणून वर बाणही घालतो.

"सर, ही तीन साधनं नाहीत," मी म्हणालो. "हे आपलंच वाक्य आहे, गावभर फिरून परत आलेलं."

हुद्दारांनी तळटीप दोनदा वाचली. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे तीन ग्रंथ आणि आपला कोश, चौघांत एकवाक्यता आहे!" ते म्हणाले. "प्राचीन इराणच्या बाबतीत इतकी एकवाक्यता मी आजवर पाहिलेली नाही, उपळेकर."

मग मी कबूल केलं. चटणी, तेल, डाग, सगळं. ते छायाचित्रांचं पुस्तकही काढून आणलं. इतकी वर्षं होऊनही डाग तसाच होता, पिवळसर आणि पारदर्शक, आणि त्याच्याखाली दगडातला डोळा नीट उघडा होता. राजा पुस्तकावर वाकला. त्याने डागाकडे पाहिलं नाही. डागाच्या शेजारी राणी उभी होती, हातात नीट न ओळखू येणारं काहीतरी फूल घेऊन, आणि उजव्या डोळ्याने तो तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता मला काहीतरी बोलेल, निदान चार शिव्या देईल. पण शिव्या देण्याचा उल्लेख नोंदीत नव्हता.

"हे जे आपण सांगितलंत," हुद्दार मला म्हणाले, "ते कुठे छापून आलंय?"

"नाही सर. मी आत्ता सांगतोय. वाक्य माझं आहे."

"मग ते खाजगी संभाषण. नियम बावीस. आणि लेखकाने स्वतःच्या लेखनाविषयी सांगणं म्हणजे तर हितसंबंधीच. डाग हे साधन नव्हे, उपळेकर. उद्या प्रत्येक जण डाग घेऊन येईल."

मी म्हणालो, छापून आणतो. हुद्दार म्हणाले, अवश्य आणा, मग दोन स्वतंत्र विद्वानांनी तुमचा आधार घेतला की चौथ्या आवृत्तीत विचार करू. दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत छत्तीस वर्षांचं अंतर होतं. मी खाली बसलो. अडतीस वर्षं मी याच नियमांनी लोकांना बाकावरून परत पाठवत आलो होतो आणि ते मला कधी मूर्खपणाचे वाटले नव्हते, हे इथे सांगून टाकतो.

प्रकरण शुक्रवारी समितीपुढे गेलं. समितीत वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राचार्य, करमणूक विभागाच्या एक बाई आणि हुद्दार. तिघांपैकी कोणालाही मेहरवर्ज कोण हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे समिती निःपक्षपाती होती. प्राचार्यांनी विचारलं की राणीच्या हातातलं फूल कोणतं. कमळ की डाळिंबाचं, याविषयी मतभेद आहेत, असं मी सांगितलं. ते बराच वेळ त्यावरच बोलले. अर्ध्या तासाने निर्णय झाला आणि हुद्दारांनी राजाला आत बोलावलं.

"अभिनंदन, महाराज. मागणी मान्य," ते म्हणाले. "तिसऱ्या आवृत्तीत आपल्या डोळ्याचा उल्लेख असणार नाही."

राजाने तळहात छातीवर ठेवला. मग त्याने विचारलं, "केव्हापासून?"

"सोमवारी आपल्या पानांचा फॉर्म छापायला जातो. अकराच्या सुमारास."

संध्याकाळी तपासायची मुद्रितं माझ्या टेबलावर आली. मेहरवर्जाची नोंद शोधायला मला वेळ लागला, कारण चौदा ओळींची जागा आता एकाच ओळीने घेतली होती. 'मेहरवर्ज : पहा बरजाद.' मी बरजाद काढला. तिथे लिहिलं होतं, 'भावाला पदच्युत करून गादीवर आला.'

मी मुद्रित घेऊन हुद्दारांकडे गेलो. ते स्कूटरची किल्ली शोधत होते.

"सर, अख्खी नोंद गेली."

"आधार असलेलं वाक्य वगळता येत नाही. नियम नऊ. पण वादग्रस्त नोंद विलीन करता येते. नियम दहा." त्यांना किल्ली सापडली. "माणसाचं काम झालं, जागाही वाचली."

"पण राणी, सर? शिल्प, राणी, हे सगळं त्याच नोंदीत होतं."

"राणीची स्वतंत्र नोंद आहे का?"

"नाही."

"मग ती कुठून जाणार? जी नव्हतीच तिला काढलं असं कसं म्हणता?" हुद्दार म्हणाले, आणि मुद्रितावर सही करायला मला पेन दिलं. नोंद ज्याची, पहिली सही त्याची, असा आमच्याकडे नियम आहे. मी सही केली. अडतीस वर्षांत हाताला सवय होते.

व्हरांड्यात राजा बाकावर बसला होता. इराप्पाने त्याला कंगवा दिला होता आणि तो दाढी विंचरत होता.

"प्रथम तिच्या हातातील फूल पाहीन," मला पाहून तो म्हणाला. "ते कोणते, याविषयी मतभेद आहेत. मला स्वतःला ते माहीत होते. पण छत्तीस वर्षांत स्मरण पुसट झाले."

त्याला खरं काय ते सांगायला मी बाहेर आलो होतो. तोंड उघडलं आणि "उद्या, परवा सुट्टी आहे, सोमवारीच या," एवढंच बोललो. माझ्यासारख्या भेकडाला यापेक्षा जास्त जमत नाही. तो म्हणाला, येतो कशाला, इथेच बसतो.

सोमवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी छापखान्यातून छपाई सुरू झाल्याचा फोन आला. मी खिडकीतून व्हरांड्यात पाहत होतो. राजाची डावी पापणी दोनदा थरथरली आणि डोळा उघडला. चांगला टपोरा, तपकिरी डोळा होता. दगड आता त्याच्या नोंदीत नव्हता, त्यामुळे मानही मोकळी झाली होती. त्याने ती सावकाश डावीकडे वळवली. डावीकडे इराप्पाचा माठ होता आणि त्यावर पालथा ठेवलेला पेला.

तो बराच वेळ माठाकडे बघत राहिला. मी बाहेर गेलो.

"येथे कोणी होते का?" त्याने विचारलं.

"अनुशाद," मी म्हणालो. नियमाबाहेर बोलायची माझी ही पहिलीच वेळ होती. "आपली राणी, महाराज. कड्यावर आपल्या डाव्या हाताला उभी होती. हातात फूल होतं. आपण तिच्यासाठीच आला होतात."

त्याने दोन्ही स्वच्छ डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आधार?" तो म्हणाला.

दुसऱ्या आवृत्तीचं पान माझ्या जिभेवर आलं होतं. पण नवी आवृत्ती छापायला गेली की जुनी रद्द होते, आणि रद्द आवृत्तीचा आधार धरता येत नाही. नियमावली टंकून घेताना त्या कलमातली एक वाक्यरचना मीच सुधारून दिली होती.

"आता नाही," मी म्हणालो.

राजाने समजल्यासारखी मान हलवली. फाटकातून तो दरवर्षीचा सेनापती पांढऱ्या घोड्याचा लगाम धरून आत येत होता. राजा बाकावर थोडा सरकला आणि त्याला बसायला त्याने आपल्या डाव्या हाताला जागा करून दिली.