मोघे सर आणि दाराचा सोबती

लग्नाला गेले की मोघे सर अक्षता करवलीवर टाकतात. नवरानवरीवर टाकायला मांडवभर माणसं आहेत, असं त्यांचं म्हणणं. भाषण संपलं की वक्त्याला सोडून माईकवाल्याची पाठ थोपटतात. अधारतालला आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे अकरा वर्षं हे सगळं मी फार जवळून सोसलं आहे.

सर औषधशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट शिकवली, आणि निवृत्तीच्या दिवशी कुणी त्यांना सांगितलं नाही की आता पुरे. शरीरातल्या पेशीभोवती पातळ पटल असतं, सर त्याला भिंत म्हणतात, आणि त्या भिंतीत कॅल्शियमला आत यायला दारं असतात, ही ती गोष्ट.

"दाराचं कौतुक सगळेच करून राहिले," सर म्हणतात, "पण दाराला भिंतीपर्यंत आणतो कोण? किती उघडायचं, कधी मिटायचं, हे सांगतो कोण? सोबती! दाराला चिकटलेली दुसरी प्रथिनं. सोबती बदला, की दार तेच, औषध तेच, आणि गुण वेगळा!"

हे मी चक्कीवर पिठाचा डबा हातात धरून ऐकलं आहे. भाजीवालाही सुटला नाही. "भैया, दरवाज़ा मत देखो, साथी देखो."

भाजीवाला म्हणाला, "साहब, धनिया लेना है कि नहीं?"

मग माझ्या बायकोला, मालतीला, नागीण झाली. फोड सुकले, आग राहिली. पाठीला पदर लागला तरी कळवळायची. रात्री बसून झोपायची. डॉक्टरांनी नसांच्या दुखण्यावरची गोळी दिली. मोघे सरांनी पाकिटावरचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मला त्यांना घराबाहेर काढावंसं वाटलं.

"वहिनी, ही गोळी दाराला हातच लावत नाही! सोबत्याला धरते!"

"अच्छा?" मालती म्हणाली. दात आवळून, पण म्हणाली.

तेव्हापासून रोज पाचला सर हजर. पोहे म्हणजे भिंत, त्यातले शेंगदाणे म्हणजे दारं. व्याख्यान संपलं की दारांसकट भिंत खाऊन टाकायचे. मी आत भांडी आपटायचो. मालती मलाच दटावायची, "काहून चिडून राहिले हो? बसू द्या ना. तेवढा वेळ बरा जातो माझा."

पाच दिवस झाले. गुंगी आली, आग हलली नाही. सहाव्या दिवशी डॉक्टरांना न विचारता मीच गोळी बंद केली. संध्याकाळी सरांना तसं सांगितलं, आणि वर म्हणालो, "तुमचा सोबती काही कामाचा निघाला नाही."

"कोणाला विचारून?" इतक्या मोठ्यानं ते कधी बोलले नव्हते. "जोशीजी, ही गोळी उघडं दार मिटत नाही. सोबती अडकला, की नवी दारं भिंतीपर्यंत पोचत नाहीत. जुनी आपल्या वेळेनं जातात. त्याला दिवस लागतात हो! चलो, डॉक्टरांना फोन लावा. आत्ता."

लावला. डॉक्टरांनी मला चांगलंच झापलं. गोळी पुन्हा सुरू झाली, हळूहळू मात्रा वाढली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी चहा घेऊन गेलो, तर मालती पाठीवर आडवी, गाढ झोपलेली. चहा निवला. मी उठवलं नाही.

त्यानंतर ती दोन वर्षं होती. गेल्या हिवाळ्यात हृदयविकारानं गेली.

तेराव्यानंतर माणसं ओसरली. सर मात्र पाचला येत राहिले, आणि तोंडी कॅल्शियमच. एका संध्याकाळी माझा तोल गेला. "सर, आता या घरात कोणाला काही दुखत नाही. मग काहून सांगून राहिले?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आमच्या घरी पण हीच गोळी होती," ते म्हणाले. "तिचं कण्हणं ऐकवेना. चौथ्या दिवशी मीच बंद केली. त्याच सकाळी वर्गात शिकवलं होतं, की वेळ लागतो. घरी आलो आणि ते आठवलंच नाही. मग हे औषध, ते औषध. शेवटपर्यंत बसूनच झोपली."

सर एकटे राहतात एवढं मला माहीत होतं. आधी कोणी होतं का, हे अकरा वर्षांत मी विचारलं नव्हतं. त्यांचं बोलणं संपायची वाट बघण्यातच माझी वर्षं गेली होती.

"वहिनींचं नाव काय होतं?"

"कुसुम," सर म्हणाले. मग जरा मोठ्यानं, पुन्हा एकदा म्हणाले, "कुसुम."