दिनूतात्यांची लाकडी बेडकं

मासे मारणारा माणूस मासा वाढवून सांगतो, हे जगजाहीर आहे. तळ्यावर वीतभर असलेला मासा चहाच्या टपरीपर्यंत हातभर होतो. आमचे दिनूतात्या सुतार हे माझ्या पाहण्यातले एकमेव गृहस्थ, ज्यांचा मासा कमी भरतो.

कारण त्यांची पट्टी. तात्यांनी उभी उमर शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून काढली. पॅटर्नमेकर म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुना करणारा कारागीर. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना किंचित मोठा करावा लागतो. दर मापाला आकडेमोड नको म्हणून या लोकांची पट्टीच ताणलेली असते. तिच्यावरचा इंच तुमच्याआमच्या इंचापेक्षा केसभर मोठा. रिटायर होताना तात्यांनी ती पट्टी घरी आणली, आणि आता पायजम्याच्या कापडापासून खिडकीच्या जाळीपर्यंत सगळं तिनंच मोजतात. दीड-दोन फुटांची मरळ असली की गव्हाच्या दाण्याएवढी तूट येते.

मी त्यांना एकदा सांगितलं, "तात्या, ही पट्टी लोखंडासाठी आहे. मासा आकसत नाही."

"मेल्यावर आकसतोय की," तात्या म्हणाले. "गरम असताना सगळेच मोठे असत्यात. थंड झाल्यावर जे ऱ्हातंय ते माप."

यावर वाद घालता येत नाही. मी वाद घालण्यातच तरबेज आहे, तरी सांगते.

आमची ओळख पत्रकामुळं झाली. पन्हाळ्याच्या रस्त्याला बेलतळं म्हणून एक जुनं तळं आहे. त्याचा निम्मा भाग मुरूम टाकून बुजवायचा, वर पार्किंग आणि खाऊगल्ली करायची, आणि याला सुशोभीकरण म्हणायचं, असा घाट घातला गेला. तळं बुजवून तळ्याची शोभा वाढवणारी ही अक्कल कुणाची, असा सवाल करणारं पत्रक मी लिहिलं आणि मंगळवार पेठेत घरोघर वाटत निघाले. बहुतेकांनी ते न वाचता दारावरच्या खिळ्याला लावलं. तात्यांनी ते उंबऱ्यात उभं राहून पहिल्या ओळीपासून मुद्रकाच्या नावापर्यंत वाचलं. मग उलटं केलं.

"मागची बाजू कोरी ठेवलीस, हे झ्याक केलंस," म्हणाले, आणि कानावरची पेन्सिल काढून त्यावर बेडूक काढायला लागले.

त्या दिवसापासून मी 'पत्रकवाली'. माझं नाव त्यांना माहीत आहे. ते वापरत नाहीत.

तात्यांचं घर दोन खोल्यांचं. काकू जाऊन काही वर्षं झाली. बाहेरच्या खोलीत माणूस राहतो आणि आतल्या खोलीत बेडकं. शिवणीच्या लाकडाची, अंगठ्याएवढी, पोटात शिशाचा छर्रा, मागं रबराचे दोन पाय आणि ढुंगणाशी वर वळलेले दोन गळ. मासे पकडायच्या या नकली आमिषाला तात्या 'खोटं' म्हणतात. "आज कुठलं खोटं लावावं?" हा त्यांचा सकाळचा पहिला विचार. "खोटं असलं तरी वागणं खरं पायजे," हा दुसरा.

प्रत्येक खोट्याला नाव आहे. एक 'मेव्हणा': पाण्यावर फार आवाज करतो, काम शून्य. एक 'तलाठी': तळाला जाऊन बसतो, दोनतीनदा ओढल्याशिवाय हलत नाही. एक 'फोरमन': लाल तोंडाचा, दिसला की सगळे पळतात. मरळीसाठी मात्र साधं बेडूक. ढगाळ दिवसाला काळं, उन्हाला पिवळट, गढूळ पाण्याला पांढऱ्या पोटाचं. रंग म्हणजे नेलपॉलिश. गल्लीतल्या बांगड्यांच्या दुकानात तात्या बाटल्या उघडून, नखावर लावून, उजेडात बघून विकत घेतात. दुकानदारीण आधी बिचकायची, आता नवी छटा आली की निरोप पाठवते. रंगवलेलं बेडूक तीन दिवस तळ्याच्या पाण्यात बुडवून ठेवायचं, वास जाईपर्यंत. बादली मोरीत. आंघोळ बेडकांना सांभाळून.

एकदा पुण्याहून आलेला एक पोरगा तळ्यावर भेटला. परदेशी बनावटीचं बेडूक, मोठे चकाकते डोळे. किंमत त्यानं मोठ्यानं सांगितली. तात्यांनी ते तळहातावर घेऊन उलटंसुलटं बघितलं.

"झ्याक हाय की. पण ह्याला काजळ कुणी घातलं, भावा? बारसं हाय का?"

मग मात्र त्याला तासभर शिकवलं. हे मी पाहिलंय. तात्या टोमणा मारतात आणि लगेच शेजारी बसतात.

"टाकल्या टाकल्या ओढू नगो. बेडूक एवढ्या उंचावनं पडलं, त्याला लागलं न्हाय व्हय? जरा कण्हू दे. मग दोन उड्या. मग थांब. पाण्यातल्याला वाटलं पायजे, ह्यो दमलाय." आणि मासा लागला की, "गिळू दे, गिळू दे. ताट वाढून हात धरतोस व्हय कुणाचा?"

मला मासे मारण्यात रस नव्हता, अजूनही नाही. मला तात्या हवे होते ते तळ्यासाठी. पत्रक मी सरकारी कार्यालयातही पाठवलं होतं, तिथून उत्तर आलं: तळ्याचं पाणी मृत आहे, त्यात जलचर नाहीत, सबब भराव टाकल्यास हानी नाही. जलचर नाहीत! तात्यांनी मागच्याच आठवड्यात तिथून मरळ काढली होती. मी त्या मरळीचे फोटो दिले. उत्तर आलं, फोटोतला मासा कोणत्या पाण्यातला हे सिद्ध होत नाही. मी तिसरं पत्र लिहिलं, त्यातले शब्द इथं छापण्याजोगे नाहीत. शेवटी स्थळपाहणी ठरली. साहेब येणार, तळं बघणार, शेरा मारणार. शेरा 'जलचर नाहीत' असा पडला की दुसऱ्या दिवशी मुरमाचे डंपर सुरू.

म्हणजे साहेबांच्या डोळ्यांसमोर एक मासा दिसायला हवा होता. एकच.

"तेवढंच ना," तात्या म्हणाले. "काढू की."

गणपती आठवड्यावर आले होते. सकाळी दहाला आम्ही तळ्यावर. तात्यांनी काठी, रीळ, तंगुसाचा दोरा, कटर आणि बेडकांचा पत्र्याचा डबा आणला होता. साहेब तरुण, फाईल काखेत, बूट चिखलाला घाबरलेले. वागायला वाईट नव्हते. घाईत होते.

"पावणं, जरा मागं सरा," तात्या त्यांना म्हणाले. "सावली पडतीया पाण्यात."

साहेबांना पाव्हणा म्हणून हटवणारा माणूस त्यांना नवा असावा. ते सरले.

आभाळ भरलेलं, म्हणून तात्यांनी काळं बेडूक लावलं. जलपर्णीच्या कडेला ते अलगद ठेवलं, हो, ठेवलं. तात्या फेकत नाहीत. कण्हू दिलं. दोन उड्या. थांबले. काही नाही. पांढऱ्या पोटाचं लावलं. काही नाही. पिवळं, 'फोरमन', अगदी 'मेव्हणा'सुद्धा. एकदा लांब एक बुडबुडा आला. मी ओरडले, "ती बघा, मरळ श्वास घ्यायला वर आली."

"गॅस असेल," साहेब म्हणाले, आणि घड्याळ बघितलं.

पाऊण तास गेला. माझा जीव टांगणीला. आणि मग मला ते दिसलं: पंधरा-वीस हातांवर, पानांच्या मधल्या मोकळ्या पाण्यात, ताटाएवढा तांबूस डाग. पाणी तिथं बारीक बारीक उकळल्यासारखं हलत होतं. मरळीची पिल्लं. शेकड्यांनी, एका घोळक्यात. तात्यांनीच मला शिकवलं होतं की या घोळक्याखाली आईबाप राखण करतात, आणि जवळ काहीही पडलं, काडी पडली तरी, धावून येतात.

"साहेब, ती पिल्लं आहेत माशाची," मी म्हणाले.

"बेडकाची असतील. बेडूक कुठंही होतो."

मी तात्यांकडं वळले. "तात्या, तिथं टाका."

"न्हाय."

"तिथं हमखास येईल म्हणून तुम्हीच सांगितलंय."

"येतंय म्हणूनच न्हाय." ते दुसरीकडं बघत होते. "राखणीवरला मासा भुकेनं येत न्हाय. त्यो लागला की आठ दिवसांत पिल्लं खलास. बाकीचे मासे टपलेलेच असत्यात."

"एक मासा गेला तर गेला. सगळं तळं वाचेल."

"असं तुझ्या पत्रकात लिही की मग," तात्या म्हणाले. "खाली नाव बी घाल."

मी वाद हरले. माझ्या उभ्या आयुष्यातला हा दुसरा प्रसंग. पहिला पट्टीचा.

साहेबांनी फाईल उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. मी त्यांच्याकडं धावले, त्यांच्याशी हुज्जत घालायला लागले: आणखी दहा मिनिटं थांबा, मुरूम टाकायला एवढी घाई कुणाला आहे, आणि त्याचा ठेका कुणाला मिळालाय, तेही शेऱ्यात लिहा. मागं तात्या काय करत होते, ते मी बघितलं नाही. 'कट्' असा आवाज आला. पुन्हा एकदा 'कट्'.

"पावणं," तात्यांनी हाक मारली. "हिकडं बघा आता. पत्रकवाले, फोन काढ."

मी व्हिडिओ सुरू केला. काळं बेडूक हवेतून गेलं आणि तांबड्या घोळक्याच्या पलीकडं हातभर टेकलं. या वेळी तात्यांनी त्याला कण्हू दिलं नाही. सरळ घोळक्याच्या कडेनं ओढलं.

पाणी फुटलं. दुसरा शब्द नाही. काळीकरडी, मनगटाएवढी जाड मरळ अर्धी पाण्याबाहेर आली, बेडूक तोंडात धरून तिनं डोकं झटकलं, आणि थुंकून टाकलं. तात्या ओढतच होते. ती मागं मागं आली, मोकळ्या पाण्यातून, पाठीवरचा पर उभारून, अगदी काठापर्यंत, आणि आमच्यापासून दोन हातांवर तिनं पुन्हा झडप घातली. साहेबांची पॅंट गुडघ्यापर्यंत भिजली. मग ती वळली आणि पिल्लांच्या दिशेनं पाण्यात रेघ ओढत गेली.

बेडूक चिखलात येऊन पडलं. त्याचे दोन्ही गळ मुळापासून कापलेले होते.

"केवढा होता हो," साहेब म्हणाले. पॅंटचं भान त्यांना नंतर आलं.

"मोजला न्हाय," तात्या म्हणाले.

साहेबांनी जागेवर शेरा लिहिला: जलचर आढळून आले, भरावाचे काम तूर्त थांबवावे. या 'तूर्त'वर माझा आक्षेप आहे आणि तो मी लेखी नोंदवला आहे. पण डंपर आले नाहीत, हे खरं.

साहेब गेल्यावर आम्ही काठावरच्या दगडावर बसलो. तात्या बेडूक पुसत होते. मी म्हणाले, "कमाल आहे त्या मरळीची. आईच ती."

"बाप बी असतोय तितं," तात्या म्हणाले. "दोघं राखत्यात. उडी मारायचा येडेपणा बहुतेक बापाचा." त्यांनी बेडूक उलटं करून पोट पुसलं. "पिल्लाजवळ जे येतंय ते वाईटच, असं वाटतंय त्याला. बघत न्हाय, इचारत न्हाय. आमच्या पोरीसाठी, रेखीसाठी, एक पोरगा घरी आलता. आमच्याच फौंड्रीतला. चांगला होता की. बसून लग्नाचं बोलायचं म्हणून आलता. मी मोगरी घिऊन जिना उतरस्तवर धावलो त्याच्या मागं."

"मग?"

"मग काय. गेली ती त्याच्यासंगं. सांगलीला असती. बारा वर्षं झाली." त्यांनी बेडूक डब्यात ठेवलं, डबा लावला, परत उघडला. "तुज्या फोनात घेतलास न्हवं मासा? एक नंबर देतो. त्यावर पाठव. मी पाठवलाय म्हणून सांगू नगो. नुसता मासा दाखव. बारकी असताना बसायची माज्यासंगं काठावर."

नंबर त्यांना पाठ होता. मी व्हिडिओ पाठवला. खाली एवढंच लिहिलं: 'बेलतळं, आज सकाळी.'

तात्या काठी आवरत होते, तेव्हा उत्तर आलं. मी वाचलं आणि व्हिडिओ पुन्हा लावून बघितला. अख्खी सकाळ मी या माणसाच्या शेजारी होते, मासा टिपताना फोनच्या चौकटीत त्यांचे हातही आले होते, आणि मला दिसलं नव्हतं. फोन त्यांच्यासमोर धरला.

'बाबांच्या अंगठ्याला रक्त कसलं आलंय?'

तात्यांनी ते दोनदा वाचलं. मग अंगठा मुठीत झाकून घेतला, जशी काही ती समोरच बसली होती.

"लिही," ते म्हणाले, "काय न्हाय म्हणावं. कटर लागला गळ तोडताना."

मी लिहायला घेतलं.

"थांब," तात्या म्हणाले. "तू नगो लिहूस. फोन लाव, आणि हिकडं दे."