शेणकिड्याचा परवाना

एका जंगलात, बाळांनो, हत्ती फार झाले होते. हत्ती झाले म्हणून लीदही फार झाली. हत्तीची लीद म्हणजे काय चीज असते, ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. ज्याने पाहिलं नाही त्याने ही गोष्ट जेवण झाल्यावर वाचावी.

पाणवठ्यावर जायचं तर हरणांना टेकड्या चढाव्या लागत, आणि त्या टेकड्या देवाने केलेल्या नव्हत्या. पण राजाही हत्तीच होता. त्यामुळे दरबारात लिदीला लीद म्हणत नसत, प्रगती म्हणत. यंदा प्रगती गुडघ्यापर्यंत आली आहे, असं प्रधान सांगे आणि सगळे टाळ्या वाजवत.

टाळ्या झाल्या की प्रश्न उरे, ही काढायची कोणी? हरणं म्हणाली, आमचे पाय नाजूक. माकडं म्हणाली, आम्ही फांदीवरून देखरेख करू. सुळेराव नावाचं एक रानडुक्कर होतं. जन्मभर चिखलात लोळलेलं. तेसुद्धा म्हणालं की आमच्या घराण्यात असलं काम कोणी केलेलं नाही.

शेवटी नदीपलीकडच्या माळावरून शेणकिडे बोलवायचं ठरलं. लिदीचा गोळा करायचा, तो ढकलत न्यायचा आणि जमिनीत पुरायचा, या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. महाराजांनी त्यांना 'कुशल पाहुणे' असं नाव दिलं आणि प्रत्येकाला परवान्याचं एक पान दिलं.

या पाहुण्यांत ढेकळ्या होता. त्याच्या पानावर कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सोबत एक भाऊ'. तो एक भाऊ म्हणजे भुऱ्या.

भुऱ्या काही शिकलेला नव्हता. डोकंही गरम. पण पायात जोर होता. आता शेणकिडा गोळा कसा ढकलतो, माहीत आहे का? डोकं खाली, मागचे पाय गोळ्याला, आणि उलटं चालत. आपण कुठे चाललोय ते त्याला दिसत नाही. म्हणून हे दोघे जोडीने काम करत. भुऱ्या ढकलायचा आणि ढेकळ्या गोळ्यावर चढून वाट सांगायचा.

"डावीकडे घे, येड्या. ते तुझं डावं. माझ्या डावीकडे घे."

दिवसभर हेच चालायचं.

एका सकाळी ढेकळ्या महाराजांच्या मेहुण्याच्या पायाखाली आला.

मेहुणे फिरायला निघाले होते. त्यांना काही जाणवलंही नाही. मागून कोणीतरी सांगितलं, तेव्हा त्यांनी पाय उचलून पाहिला आणि गवताला पुसला. दुपारी दरबारातून दुखवट्याचा निरोप आला. त्यात ढेकळ्याचं नाव ठोकळ्या असं घातलं होतं. भुऱ्या निरोप आणणाऱ्या कावळ्याच्या अंगावर धावून गेला. कावळा उडून गेला. भुऱ्या बराच वेळ रिकाम्या फांदीला शिव्या देत राहिला.

मग तो एकटाच कामावर गेला. गोळा ढकलला आणि करंजाच्या झाडावर आपटला. उठून पुन्हा ढकलला आणि झोपलेल्या सुळेरावांवर आपटला. ढकलता ढकलता तो मध्येच थांबायचा, वरून कोणी काही म्हणतंय का ते ऐकायचा, आणि पुन्हा कुठेतरी आपटायचा.

त्याच करंजाखाली ढेकळ्याने एक गोळा पुरून ठेवला होता. त्यात त्याची अंडी होती. शेणकिड्यांची पोरं गोळ्यातच वाढतात, आतून तोच गोळा खातात आणि मोठी झाली की बाहेर येतात. वहिनीला मागेच एका बगळ्याने टिपलं होतं. आता त्या पोरांना काकाशिवाय कोणी नव्हतं. भुऱ्या रोज त्या जागेवर जाऊन बसे. माती सुकली तर ओली करी. एक चिचुंद्री तिथे वास घेत फिरायची, तिला हाकलून लावी. तो एक दिवस गेला नसता, तर दुसऱ्या दिवशी तिथे फक्त खड्डा उरला असता.

आणि अशात त्याला परवान्याच्या कचेरीतून बोलावणं आलं.

कचेरी एका उंचवट्यावर होती. तिथले साहेब म्हणजे खवल्या मांजर. जंगल त्यांना खवलेसाहेब म्हणे. साहेब हुशार होते, फक्त त्यांची एक सवय होती. सोपा प्रश्न आला की ते उत्तर देत. अवघड प्रश्न आला की अंगाची गुंडाळी करून बसत. मग बाहेर नुसते खवले दिसत, आणि साहेब आत विचार करत आहेत असं समजून लोक घरी जात.

साहेबांनी भुऱ्याला समजावून सांगितलं. परवाना ढेकळ्याचा होता, ढेकळ्या गेला, परवाना संपला. भुऱ्या 'सोबत' आहे असं लिहिलंय, पण आता तो कोणाच्या सोबत आहे? तेव्हा अमावास्येच्या आत त्याने नदी ओलांडावी. राहायचंच असेल तर स्वतःच्या नावाचा परवाना काढावा. मात्र नियम बदलत आहेत, थोडं बघून घ्यावं.

नियम सुळेरावांमुळे बदलत होते. त्यांनी मोठी सभा घेतली होती. बाहेरचे येतात आणि आपली लीद घेऊन जातात, असं ते म्हणाले. आपल्या आजा-पणजांच्या काळापासून साचलेली लीद. हे ऐकून सगळ्यांना भरून आलं. लिदीबद्दल इतकी माया त्या जंगलात आधी कधी कोणाला वाटली नव्हती.

मग दोन सुधारणा सुचवल्या गेल्या. पहिली अशी की काम आधी इथल्या लोकांना विचारायचं, इथला कोणी करत नसेल तरच बाहेरच्याला ठेवायचं. दुसरी अशी की बाहेरचा ठेवायचा तर तो फार कुशल हवा. कुशल कसा ओळखायचा? गोळ्यावरून. ज्याचा गोळा नारळाएवढा तो कुशल. शेणकिड्याचा गोळा लिंबाएवढा असतो, पण नारळाचं माप माकडांनी सुचवलं होतं. त्यांना दुसरं गोल काही माहीत नव्हतं.

अमावास्या जवळ आली तसा भुऱ्या पुन्हा उंचवटा चढून कचेरीत गेला. त्याने खूप विचार करून ठेवला होता, नम्रपणे बोलायचं, साहेब म्हणायचं, आवाज चढवायचा नाही. पण साहेबांनी त्याला विचारलं, "ठोकळ्याचा भाऊ ना तू?" आणि सगळा विचार वाया गेला.

"ढेकळ्या," भुऱ्या म्हणाला. "ढेकळ्या नाव होतं त्याचं. तो तुमच्या कामावर मेला. त्याची पोरं तुमच्या मातीत पुरलेली आहेत. मी गेलो की त्यांना चिचुंद्री खाणार. मग ती कोणाची मेली म्हणून लिहिणार, साहेब? तुमची का आमची?"

साहेबांनी गुंडाळी केली.

भुऱ्या थांबला. हाक मारली. खवल्यांवर टकटक केली. आतून काही नाही. त्याच्या डोक्यात रक्त चढलं. आणि समोर काय होतं? एक मोठी, गोल वस्तू. अशी वस्तू समोर आल्यावर रागावलेला शेणकिडा काय करील, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. भुऱ्या उलटा फिरला, डोकं खाली घातलं, मागचे पाय साहेबांना लावले आणि रेटलं.

उतार होता. साहेब निघाले.

कुठे न्यायचं ते भुऱ्याने ठरवलं नव्हतं. दिसत तर काहीच नव्हतं. बोरीच्या काटेरी जाळीतून, हरणांच्या पंगतीतून, दोन प्रगत्या ओलांडून तो गोळा भर दरबारात शिरला आणि महाराजांच्या पायाशी जाऊन थांबला. तिथे त्या वेळी दुसऱ्या सुधारणेवर चर्चा चालली होती.

महाराजांनी सोंडेने गोळा चाचपला.

"केवढा हा गोळा," ते म्हणाले.

माकडांनी नारळ आणून शेजारी ठेवला. नारळ अगदीच बिचारा दिसू लागला. दरबारी पुढे झाले. कोणी घडण वाखाणली, कोणी वरची नक्षी. असं काम इथल्या कोणाला जमणार नाही, यावर एकमत झालं. सुळेराव तेवढे वास घेत होते. हा वास आपण कचेरीत कुठेतरी घेतलाय, असं ते म्हणाले, पण त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

साहेबांना सगळं ऐकू येत होतं. पण बाहेर यायचं तर इथे कसे आलात याचं उत्तर द्यावं लागलं असतं. ते आणखी घट्ट झाले.

"ही लीद आणली कुठली रे?" महाराजांनी विचारलं.

भुऱ्याने साहेबांकडे पाहिलं. मग महाराजांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तो बोलायच्या आधी थांबला.

"तुमच्याच दरबारातली आहे, महाराज."

महाराजांना फार बरं वाटलं. तिथल्या तिथे भुऱ्याच्या नावाचं पान निघालं. मग रीतीप्रमाणे गोळा पुरायचा होता. भुऱ्याने दरबारासमोर खड्डा केला आणि मन लावून पुरला. माती पडताना साहेब शिंकले, पण उघडले नाहीत.

साहेबांना उकरता येत होतं, म्हणून ते दुसऱ्या बाजूने निघाले. दुसऱ्या दिवशी अंग झटकून वेळेवर कचेरीत हजर. घडलं त्यातलं कोणाला अक्षर सांगितलं नाही. सांगणार काय? पण बसल्या बसल्या ते पहिली सुधारणा पुन्हा पुन्हा वाचत होते.

पुढच्या पंधरवड्यात करंजाखालची माती हलली आणि ढेकळ्याची पोरं बाहेर आली. तिघं होती. भुऱ्या त्यांच्याकडे बघत बसला. मधल्याचं कपाळ ढेकळ्याचं, मोठ्याची चाल ढेकळ्याची, आणि धाकटा तर बाहेर आल्या आल्या भुऱ्यालाच म्हणाला, "सरक की जरा, उजेड अडवतोयस."

भुऱ्या हसला. मग रडला. मग पोरांना भूक लागली म्हणून दोन्ही थांबवलं.

साहेबांनी त्यांना लगेच बोलावून घेतलं. पोरांचं कौतुक केलं. ही इथल्या मातीत जन्मली, इथली लीद खाऊन वाढली, तेव्हा ही इथलीच. अभिनंदन. आणि जातीचे शेणकिडे, म्हणजे काम येणारच. आता जंगलात इथले कुशल कामगार आहेत म्हटल्यावर बाहेरच्याची गरज काय? पहिल्या सुधारणेप्रमाणे सभेत पोरांपुढे गोळा ठेवायचा. पोरांनी पाय लावला तर काम पोरांचं, आणि काकाने त्याच दिवशी नदी ओलांडायची. नाही लावला तर काका राहील.

"आणि पोरं?" भुऱ्याने विचारलं. "ती माझ्यासोबत येतील ना?"

साहेब म्हणाले की इथलं कसब बाहेर जाऊ देता येत नाही. एवढं बोलून त्यांनी सावधगिरी म्हणून गुंडाळी केली, आणि या वेळी स्वतःला शेजारच्या खोडाशी वेलाने आधीच बांधून घेतलं होतं.

भुऱ्या पोरांना घेऊन परत आला आणि शिकवायला लागला. ढेकळ्याने त्याला ढकलायला शिकवलं होतं. तो पोरांना न ढकलायला शिकवू लागला, आणि ते फार जड गेलं. पोरांच्या पायांना कोणी सांगायला लागत नव्हतं. ती बोरं ढकलत, खडे ढकलत, पहाटे दवाचे थेंब ढकलू बघत.

"काका, हे गोल आहे," धाकटा म्हणे.

"दिसतंय मला. तू तिकडे बघू नको."

"पाय शिवशिवतात रे."

"शिवशिवू देत. शी म्हण. म्हण बरं, शी."

तिघंही शी म्हणत. पण तोंडाला पाणी सुटलेलं असे.

सभेला सगळं जंगल लोटलं. मधोमध ताज्या लिदीचा गोळा ठेवला. मोठ्याने मान फिरवली. मधल्याने मिशा वर केल्या आणि शी म्हटलं. मग धाकटा पुढे झाला. तो गोळ्याभोवती एक फेरी मारून आला. उलटा फिरला. मागचा पाय उचलला.

भुऱ्याने डोळे मिटले. पोराने पाय लावू नये असं त्याला वाटत होतं. आणि ढेकळ्याच्या पोराने एकदा तरी लावावा, असंही.

धाकट्याने त्या पायाने पोट खाजवलं.

"शी," तो म्हणाला. "आमच्या घराण्यात असलं काम कोणी केलेलं नाही."

सुळेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. अस्सल इथलं पोर, असं म्हणून त्यांनी त्याला छातीशी धरलं. हरणांनी पोरांना हार घातले. माकडांनी फांदीवर, देखरेखीच्या जागेत, तिघांसाठी जागा केली. भुऱ्याचा परवाना कायम झाला. साहेबांनी पानावर पंजा उमटवला आणि वर न बघताच ते त्याला दिलं.

सभा पांगली. गोळा तसाच पडला होता, भुऱ्या तो न्यायला वळला. हार घातलेला धाकटा हळूच त्याच्यामागे आला.

"काका, बरोबर बोललो ना मी?"

"एकदम बरोबर."

"मग आता कोणी बघत नाहीये. थोडा ढकलू?"

भुऱ्याने मागचे पाय गोळ्याला लावले आणि डोकं खाली घातलं.

"नाही रे बाळा," तो म्हणाला. "आता नाही ढकलायचा. कधीच."

तात्पर्य: बाळांनो, हातात कसब असेल तर ते झाकून ठेवा. कसब दिसलं की लोक लगेच विचारतात, तू मूळचा कुठला? ज्याला काहीच येत नाही, त्याला हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही.