टिटवीने झेललेलं ड्रोन

एका जंगलात, मुलांनो, झाडांपेक्षा पाट्या जास्त होत्या. तिथे तळ्याकाठच्या खड्यांत एका टिटवीने अंडी घातली होती.

टिटवी पाय आभाळाकडे करून झोपते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आभाळ कोसळलंच तर पेलायला! माकडं तिला हसायची. "आभाळ काय पिकलेलं जांभूळ आहे, पडायला?"

"तुमची लेकरं अशी उघड्यावर असती, म्हणजे कळलं असतं," टिटवी म्हणायची.

ओढ्याच्या अलीकडे जंगल होतं, पलीकडे गावाचं गायरान. जंगलात पाटी होती: 'येथून ड्रोन उडवू नये. येथे ड्रोन उतरवू नये.' गायरानात पाटी नव्हती. म्हणून लग्नाचं शूटिंग करणारा विश्राम गायरानातून ड्रोन उडवायचा आणि जंगलावर फिरवायचा. नवरा-नवरीच्या मागे हरणं पळताना दिसली की वऱ्हाड खूश.

टिटवीने कोल्होबांकडे तक्रार केली. कोल्होबा पाट्यांचे अधिकारी.

"बाई, ते उडतं तिकडे, उतरतं तिकडे," ते म्हणाले. "मधली हवा आमच्या खात्यात येत नाही."

एका दुपारी ड्रोनची बॅटरी वरच संपली. ते थेट घरट्यावर कोसळलं. टिटवी अंड्यांवर उताणी झोपली होती. तिने ते पायांवर झेललं. अंडी वाचली! मला तर तिचा फार अभिमान वाटला.

कोल्होबा धापा टाकत आले. "खाली टाकू नका! जमिनीला लागलं की उतरलं म्हणायचं. मग गुन्हा तुमच्या घरट्यावर!"

"ताई, जरा धरा हं!" विश्राम पलीकडून ओरडला. "बॅटरी बदलतो आणि उडवून नेतो!"

"येथून उडवायचं नाही!" कोल्होबा गरजले.

"मग हातात घेऊन जातो की."

कोल्होबांनी पाटी पुढून वाचली, मागूनही पाहिली. "हातात नेण्याबद्दल यात काहीच नाही. वर विचारावं लागेल."

ते विचारायला गेले, ते अजून आलेले नाहीत. दरम्यान पिल्लं बाहेर पडली. आई उठत नाही म्हणून आपापलीच किडे शोधू लागली. माकडं आता हसत नाहीत, पोराबाळांना घेऊन ड्रोन बघायला येतात. घरट्याशेजारी नवी पाटीही लागली आहे: 'या जंगलात आजवर एकही ड्रोन उतरलेलं नाही.'

पिल्लं मात्र पाय पोटाशी घेऊन झोपतात.

तात्पर्य: मुलांनो, संकटासाठी कधीही तयार राहू नये. ज्याचे पाय वर असतात, आभाळ त्याच्याकडेच ठेवायला देतात.