आठ की नऊ

आमचे शेजारी तात्या सुर्वे यांनी बैठकीच्या खोलीत पाच स्पीकर आणि एक धडधडणारा डबा असा सगळा होम थिएटरचा सरंजाम बसवून घेतला, बरोबर मधोमध एक खुर्ची ठेवली, आणि स्वतः बाहेर पडवीत जाऊन बसले. गाणं आत, तात्या बाहेर, मध्ये खिडकीचे गज. सेट बसवायला आलेला मुश्ताकभाई कित्येक वर्षं मस्कतला हेच काम करून परतलेला. पण असलं गिऱ्हाईक त्याने तिकडेही पाहिलं नव्हतं.

"तात्या, चारी बाजूनी आवाज येतो तो मधी बसणाऱ्यासाठी. पडवीत बसून ऐकायचा तर जुना रेडिओ काय वाईट होता?"

"बायकांच्या फेरात पुरुषमाणूस मध्ये बसतो काय?" तात्या म्हणाले, आणि त्यांनी आत येऊन खिशातून मापाची टेप काढून खुर्चीपासून मागच्या स्पीकरचं अंतर पुन्हा एकदा मोजलं.

मुश्ताकभाईने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. शेजारधर्मात हे बसतं.

तात्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं, हेही सांगायला हवं. गौरी आल्या की आमच्याकडे बायका गोल धरतात आणि टाळ्या देत, पावलं टाकत, गात फिरतात. पुरुषांनी ते ओटीवर नाहीतर पडवीत बसून ऐकायचं. गोलाच्या आत कोणी शिरत नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी मुंबईच्या एका कंपनीने तात्यांच्या गावी येऊन या गाण्यांची तबकडी काढली होती. ती त्या काळी इतकी गाजली, की लग्नाच्या मांडवात सनईच्या आधी तीच लागायची. कंपनीच्या माणसाने हौसेने चार कोपऱ्यांत चार माइक लावले होते म्हणे, पण तबकडीत सगळ्याचा काला झाला. आता त्याच जुन्या टेपा काढून, आवाज सुटे सुटे करून, चहूबाजूंनी ऐकू येणारी डीव्हीडी निघाली होती. तात्यांनी ती मुंबईहून मागवली आणि मग ती वाजवायला एवढं सगळं घरात आणलं. आधी घोडा आणि मग तबेला म्हणतात ते हेच.

बरं, तात्या हौशी म्हणावेत तर तसंही नाही. हा माणूस वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होता आणि निवृत्त झाल्यावरही त्या खात्याने त्यांना सोडलं नव्हतं, की त्यांनी खात्याला, कोण जाणे. त्यांच्या पिशवीत कायम अर्ध्या किलोचं एक पितळी वजन असे. वाण्याकडे गेले की आधी आपलं वजन त्याच्या तराजूत टाकून बघत आणि मग साखर मागत. बंदरावर तात्या दिसले की कोळणी एकमेकींना डोळ्यांनी खुणावत. एकीने तर त्यांना तोंडावर विचारलं होतं, "तात्या, बांगडा पिशवीत टाकू की आधी त्याचा जबाब घेताव?" तात्या हसले नाहीत. हसण्याचंही त्यांच्याकडे माप होतं. "मापात बसत नाय" हा त्यांचा शेवटचा शब्द. आमच्या आळीतला नवा रस्ता मापात बसत नव्हता, नगरपालिकेचा नळ बसत नव्हता, माझ्या बायकोच्या हातचा चहा आधी बसत नव्हता आणि नंतर बसायला लागला. माझं वाढलेलं पोट अजून बसत नाही.

आणि घरात इंदूकाकी. गोऱ्या, ठेंगण्या, कायम हसऱ्या. काकींचं हसणं जरा मोठं झालं की तात्या ओटीवरून म्हणत, "इंदू, आवाज मापात." काकी पदर तोंडाला लावून उरलेलं हसणं आत नेत. आम्हा शेजाऱ्यांना त्याची इतकी सवय झाली होती की आम्हीही ते वाक्य आमच्या घरात गमतीने वापरायचो. आता वापरत नाही.

काकी गौरीच्या दिवसांत आमच्याकडे यायच्या. बायका आग्रह करायच्या, काकी एखादं म्हणा. काकींचं ठरलेलं उत्तर, "अगो, गळा बसलाय माझा." दरवर्षी. मला कित्येक वर्षं वाटे की या बाईला घशाचा जुना विकार आहे. एकदा मी त्यांना ज्येष्ठमधही नेऊन दिला होता. काकींनी तो मोठ्या प्रेमाने ठेवून घेतला. त्या गेल्या तेव्हा देवघरातल्या डबीत तो तसाच होता.

काकी गेल्यावर तात्यांनी वजनाची पिशवी खुंटीला टांगली. वाण्याला आधी खरं वाटेना. मग त्यालाही चुकल्यासारखं झालं; "तात्या, तराजू बघा ना जरा," असं तो आपणहून म्हणायला लागला. तात्या हात हलवून पुढे जात. दोनतीन वर्षं अशीच गेली आणि मग ही डीव्हीडी आली.

आता सुरू झाला नवा छळ. तात्या दुपारी चारच्या सुमाराला फाटकात उभे राहत आणि सापडेल त्या माणसाला आत नेत. वेळ भारनियमनाच्या हिशोबाने ठरलेली, कारण वीज त्यानंतर जायची. पाहुण्याला मधल्या खुर्चीवर बसवायचं. "हलू नका. मान फिरवायची नाय." गाणं लावायचं आणि आपण पडवीत. गाणं संपलं की तात्या खिडकीच्या गजांतून तोंड घालून एकच प्रश्न विचारत.

"बायका किती?"

"काय?"

"गाणाऱ्या. आठ की नऊ?"

डीव्हीडीच्या वेष्टनावर बायकांची नावं छापली होती. ती आठ होती, हे मी स्वतः वाचलं होतं. तरी प्रश्न तोच. आमचे डॉक्टर खुर्चीवर बसून आले आणि म्हणाले, "बायकांचं माहीत नाही, पण त्या डब्याचा दणका छातीत बसतो. ब्लडप्रेशरवाल्यांना दाखवू नका." बागायतदार सावंत डोळे मिटून ऐकत होते असं तात्यांना वाटलं, पण ते झोपले होते. पोस्टमनने "पन्नास तरी असतील" असं सांगून सुटका करून घेतली. तिघांनाही तात्या म्हणाले, "मापात बसत नाय."

मी बसलो तेव्हा खरंच दचकलो. समोरून एक टाळी आली, ती उजव्या कानाजवळून मागे गेली आणि डाव्या बाजूने परत पुढे आली. आपण खुर्चीवर बसलोय आणि आपल्याभोवती बायका फिरताहेत, त्यांच्या लुगड्यांचा वारासुद्धा लागेल असं वाटावं. मी भान विसरून ऐकत बसलो आणि मोजायचं राहून गेलं.

"आठ," मी वेष्टन आठवून ठोकून दिलं.

"वाचून सांगू नको. मापात खोट करणाऱ्यांना तीस वर्षं बघितलंय मी," तात्या म्हणाले.

"मग तुम्हीच बसा ना मध्ये आणि मोजा. फेराचं कसलं घेऊन बसलात, ते लोखंडाचे स्पीकर आहेत."

तात्या आत आले, डीव्हीडी काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि वेष्टनात घातली. त्या दिवशी चहाही विचारला नाही. मी घरी येऊन सुनंदाला म्हटलं, की तुझ्या तात्यांचं डोकं फिरलंय.

सुनंदा माझी बायको. दापोलीकडची, गौरीच्या फेरात वाढलेली. गंमत अशी की तात्यांनी सगळी आळी त्या खुर्चीवर बसवली, पण सुनंदाला एकदाही बोलावलं नाही. मला वाटलं, बाईमाणसाला कशाला त्रास, म्हणून असेल. तिला तसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती घावनांची ताटली घेऊन गेली आणि मला म्हणाली, तूही चल.

"तात्या, मला ऐकवा की तुमचं गाणं," ती म्हणाली.

तात्यांनी घड्याळाकडे बघितलं. "वीज जाईल आता."

"वेळ आहे अजून."

तात्यांचा नाइलाज झाला. त्यांनी डीव्हीडी लावली आणि पडवीत गेले. मी त्यांच्या बाजूला उभा. सुनंदा खुर्चीवर बसली नाही. तिने खुर्ची बाजूला केली आणि जमिनीवर मांडी घातली, कारण पावलं ऐकायची तर जमिनीशी बसावं लागतं, असं ती मला नंतर म्हणाली. तिने डोळे मिटले. फेर सुरू झाला. तिचा हात मांडीवर हळूच ताल धरत होता. गाणं संपलं, तरी ती उठेना. "परत लावा," म्हणाली. तात्या आत गेले, परत लावून बाहेर आले. त्यांनी खिडकीचा गज धरून ठेवला होता आणि या खेपेला त्यांनी प्रश्न विचारला नाही.

सुनंदाच बोलली.

"तात्या, गाणाऱ्या आठच आहेत."

"हां," तात्या म्हणाले.

"पण फेरात नऊ जणी आहेत. एकीची जोडवी वाजतात, टाळी वाजते. सगळ्यांत नेटकी टाळी तिचीच, बाकीच्या तिच्या टाळीवर पाऊल टाकताहेत. पण ती गात नाही. ती जवळून जाते तेव्हा नुसतं पाऊल ऐकू येतं. अशी कशी हो? फेर हिच्या हातात, आणि ही गप्प?"

तात्या पडवीतल्या बाकावर खाली बसले. इन्स्पेक्टरची बोली एवढी वर्षं त्यांनी इस्त्री करून वापरली होती, ती गेली आणि पुरती गावची आली.

"ती इंदू हाय," ते म्हणाले.

मग जे सांगितलं ते थोडक्यात असं. कंपनीची माणसं गावात आली ती खरं तर इंदूकाकींचा आवाज ऐकूनच. पंचक्रोशीत फेर धरावा तर काकींनी. तात्या तेव्हा नव्या नोकरीतले, नव्या रुबाबातले. ते म्हणाले, माझ्या बायकोचा आवाज पानाच्या टपरीवर वाजायचा नाय. कोणीही चार आणे टाकून ऐकेल. बायका हातापाया पडल्या, इंदूशिवाय फेर उभा राहायचा नाय. तेव्हा तात्यांनी मोठं मन करून मापात परवानगी दिली. फेरात फिर, टाळी दे, तोंड उघडायचं नाय. शाळेच्या लांब वर्गातली बाकं बाहेर काढली, चार कोपऱ्यांत माइक लागले, आणि तात्या बाहेरच्या खिडकीशी बसले. राखणीला.

"मी तिच्या तोंडाकडंच बघत होतो. पण ती फिरताना अर्धा वेळ पाठमोरी असायची. तेवढ्यात एखादी ओळ म्हटलीन असेल, असं मला वाटायचं. तबकडीत काय कळत नव्हतं. सगळ्या एकातएक. मला बरं वाटायचं. म्हणायचो, असेल हिच्यातच कुठंतरी."

"आणि नंतर?" सुनंदाने विचारलं.

"नंतर ती कधीच गायली नाय. मी नको म्हटलं होतं रेकॉर्डवर. घरात नको असं मी म्हटलं नव्हतं. पण तिनं गळाच मिटलान. शेवटच्या आजारात मीच म्हटलं, म्हण गो एखादं. तर म्हणालीन, आता शब्द आठवत नाय."

माझ्या डोळ्यांपुढे ती ज्येष्ठमधाची डबी आली. बायकोने आपलं ऐकलं म्हणून दुःखी झालेला नवरा मी तोवर पाहिला नव्हता. जन्मभर या माणसाने दुसऱ्यांची मापातली खोट पकडली, आणि आता म्हातारपणी एकच खोट मिळावी म्हणून दारोदारची माणसं पकडून आणत होता. स्वतः मध्ये बसला असता तर पहिल्या दिवशीच कळलं असतं. म्हणूनच तो बसत नव्हता. रीतभात, फेर, पुरुषमाणूस हे सगळं त्याच्या भीतीचं पांघरूण होतं.

"एकदा तरी मोडायचा होतान माझा शब्द," तात्या म्हणाले. "कोण खायला उठलं होतं?"

सुनंदा बाहेर आली. तिने त्यांच्या हाताला धरलं. "तात्या, आता तुम्ही बसा."

"फेरात पुरुषमाणूस..."

"मी सांगते ना. फेरातल्या बाईने बोलावलं तर बसायचं असतं." अशी काही रीत नाही. तिने ती तिथल्या तिथे केली.

तात्यांनी चपला पडवीत काढल्या. टोपी काढली, परत घातली. खुर्ची नकोच म्हणाले, आणि सुनंदा बसली होती तिथे जमिनीवर बसले, पाठ ताठ, हात मांडीवर, शाळेत नवीन आलेल्या पोरासारखे. सुनंदाने गाणं लावलं आणि ती माझ्याजवळ पडवीत येऊन उभी राहिली. आता आम्ही बाहेर होतो आणि तात्या आत.

सुरुवातीला ते हलले नाहीत. फेर त्यांच्याभोवती फिरत होता. मला बाहेरून काही सुटं ऐकू येत नव्हतं, नुसता गलका. पण तात्यांना येत होतं. त्यांची मान हळूहळू उजवीकडे वळली, मग मागे जाईल तेवढी मागे गेली, मग डावीकडून पुढे आली. कुणीतरी चालत होतं आणि ते तिला नजरेने पोचवत होते. दुसऱ्या फेरीला त्यांचे ओठ हलायला लागले. मला वाटलं, गाणं म्हणताहेत. मी खिडकीला कान लावला.

"म्हण गो," तात्या म्हणत होते. "म्हण. आता कोण ऐकत नाय."