हबीबचाचांचा डब्बा

आमच्या घाटंजीतली कापसाची जिनिंग मिल बंद पडली, त्या वर्षी हबीबचाचांच्या घरी फोडणीच्या तेलाचेही वांधे होते. नेमके त्याच वर्षी चाचांनी नागपूरहून तेलात बुडवलेले कंडेन्सर मागवले. "घरात तेल नाही, अन् हे डब्ब्याले तेल पाजून राह्यले," चाची भिंतीपलीकडून मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाल्या. चाचांना अर्थातच ऐकू गेलं नाही.

चाचा माझे शेजारी. अख्खं आयुष्य जिनिंगमध्ये इलेक्ट्रिशियन. कापसाचा भाव पडला, जिनिंगला कुलूप लागलं आणि चाचा घरी बसले. म्हणजे डब्ब्यासमोर बसले. डब्बा म्हणजे हेडफोनचा अॅम्प्लिफायर. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यावर भंगारातल्या रेडिओचे काचेचे व्हॉल्व्ह उभे केलेले. ते निखाऱ्यासारखे तापले की चाचा हेडफोन चढवून, डोळे मिटून रेडिओवरचे बाजारभाव ऐकत. कापसाचा पडता भाव इतक्या तब्येतीत ऐकणारा माणूस जिल्ह्यात दुसरा नसावा.

पण समाधान नाही. "आवाज अजून उघडला नाही, मास्तर." असं म्हणायचं, की लागले त्यातला कंडेन्सर बदलायला. आधी बोराएवढा, मग टॉर्चच्या सेलएवढा, मग बिस्किटाच्या डब्यात मावेना असा.

"एवढा मोठा कायले, चाचा?"

"मोटरले लहान कंडेन्सर लावला त ते नुसती गुरगुरते, फिरत नाही. मोठाच लागते."

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. माझी आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची आणि मी शाळेत विज्ञान शिकवतो, हे मी कोणी न विचारताही सांगतो. तरी मोटर आणि अॅम्प्लिफायर यांत फरक असतो, हे चाचांना पटवण्याची माझी छाती झाली नाही.

गल्लीतला पहिला फोनही माझाच. त्यामुळे चाचांची लेक नसीम दर रविवारी सकाळी माझ्याकडे फोन करी. ती नागपूरला नर्सिंग शिकत होती. "एवढ्या दूर नको" असं चाचा म्हणाले होते, तरी गेली. फोन आला की चाची हातातलं टाकून धावत येत. चाचा पहिल्या रविवारी आले, रिसीव्हर लगेच चाचींच्या हाती दिला; पुन्हा कधी आले नाहीत. "सांग तिले, मी काम करून राह्यलो."

"अब्बा अजून रागावलेत का, भैया?" नसीम मला विचारायची. ईदलाही ती आली नाही. अब्बा स्वतः बोलावतील तेव्हाच येईन, असं तिने चाचींना कळवलं. चाचा त्या दिवशी शिरखुर्मा न खाता डब्ब्याच्या तारांना कथलाचे डाग देत बसले होते.

त्यानंतर एका दुपारी चाचांनी मला बोलावून हेडफोन माझ्या कानावर चढवला. गाणं लागलं होतं. बाई मध्येच श्वास घेते, तोसुद्धा ऐकू येत होता.

"बारीक आवाज येते? घुंगरू?"

"चक्क येतो."

"खोटं नोको बोलू."

मी स्पष्ट बोलणारा माणूस. म्हणालो, "चाचा, डब्बा चोख आहे. कान गेलेत तुमचे."

चाचांनी माझ्या कानावरचा हेडफोन काढून घेतला. म्हणाले, "जिनिंगमंदी सारे कानात कापूस कोंबत. मी नाही कोंबला. कापूस घातला त बेअरिंग काय बोलून राह्यली, कसं समजन?" उद्या कोणतं मशीन बंद पडणार, ते चाचा आदल्या दिवशी नुसत्या कानाने सांगत, हे मी इतरांकडून ऐकलं होतं.

"नसीमचा आवाज बारीक, मास्तर. फोनवर मले नुसतं गुंगुं येते. लेक बोलन अन् बाप 'काय? काय?' करन. मले शरम वाटते."

चाची दारात उभ्या होत्या. "मले काहून नाही सांगतलं?"

"तू गल्लीभर केलं असतं."

"गल्लीले तरी ऐकू येते."

आठवडाभर भिंतीपलीकडून डाग देण्याचा वास येत राहिला. शनिवारी चाचांनी पुन्हा हेडफोन दिला. मोठे कंडेन्सर सगळे गायब, त्यांच्या जागी मेलेल्या ट्रान्झिस्टरमधले मुगाएवढे. आवाज असा चिरका की कानात डास शिरल्यासारखं वाटलं.

"बिघडवला की हो!"

"बिघडवलाच. डब्बा सरळ होता, माह्या कानाच्या मापाचा वाकडा केला. लहान कंडेन्सरनं जाड आवाज अडवला, बारीक तेवढा सोडला."

रविवारी सकाळी चाचा डब्बा काखेत मारून माझ्या घरी आले आणि मला काही न विचारता माझ्या नव्याकोऱ्या फोनचं पोट उघडून दोन तारा डकवल्या. गल्लीतल्या पहिल्या फोनची ती दशा पाहून माझा जीव वरखाली होत होता. घंटी वाजली. चाचींनी सवयीने हात पुढे केला; चाचांनी तो बाजूला सारला, हेडफोन कानावर चढवला आणि रिसीव्हर तोंडाशी धरला.

"बोल, बेटा."

तिकडून काय आलं ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. चाची डब्ब्यालाच कान लावून बसल्या होत्या. चाचा मात्र जिनिंगची सगळी मशीनं चालू असल्यासारखे ओरडत होते. "हाँ… सुन रहा हूँ… गुस्सा? नहीं बेटा, गुस्सा कायको?… मेस का खाना कैसा है?… फिर घर कब आती?"

पुढच्या शनिवारी दुपारच्या एसटीने नसीम घरी आली.