घागकाकांचं युनिट

घागकाका कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवण्याआधी तिला बोटाच्या पेराने तीनदा ठोकून बघतात. कलिंगड ठोकणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. घागकाका एटीएम ठोकतात, लिफ्ट ठोकतात. मी रक्तदाबाचं यंत्र घेतलं तेव्हा माझ्या दंडाला पट्टा गुंडाळण्याआधी त्यांनी त्या नव्याकोऱ्या यंत्राला तीन टिचक्या दिल्या. "आकडा खोटं बोलतो, सामंतबाई. आवाज बोलत नाही." यंत्राने माझा वरचा एकशे साठ दाखवला. काकांनी तो नामंजूर केला.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्याचा बॉयलर त्यांनी तेहतीस वर्षं सांभाळला. दर तासाला दाब बघायचा, पाणी बघायचं आणि वहीत लिहायचं. निवृत्तीनंतर बॉयलर सुटला, वही सुटली नाही. घरच्या गीझरची वही आहे, सोसायटीच्या पंपाची वही आहे. प्रत्येक पानावर फूटपट्टीने आखलेले चार रकाने असतात: वेळ, लक्षण, कारण, उपाय. रकाना रिकामा ठेवायचा नाही, हा नियम. कारण सापडलं नसेल तर 'शोध चालू' लिहायचं, पण काहीतरी लिहायचंच. "रिकामा रकाना म्हणजे ड्युटीवरचा माणूस झोपला होता," असं ते म्हणतात आणि असं बघतात की आपणच झोपलो होतो.

या वह्या मी लिहिते. शाळेत मास्तरीण होते, अक्षर बरं आहे आणि त्यांच्या समोरच्या दारात राहते, एवढ्या तीन गुन्ह्यांची ही शिक्षा आहे.

सगळ्यात जाड वही आहे ती गाडीची. ही गाडी पूर्वी कुठल्याशा दवाखान्याची रुग्णवाहिका होती. काकांनी ती भंगारात जाताना अडवली, आत पलंग ठोकला, शेगडी बसवली, भांडी घासायला मोरी केली. मोरीचं पाणी सरळ रस्त्यावर पडतं. खिडक्यांना सुमनताईंच्या जुन्या साड्यांचे पडदे आहेत. सुमनताई म्हणजे काकांची बायको, माझी जिवलग मैत्रीण. काका गाडीला गाडी म्हणत नाहीत, युनिट म्हणतात. सहा वर्षं ही दोघं त्या युनिटमधून संगमेश्वरापासून सातपुड्यापर्यंत हिंडली. हौस म्हणजे किती!

एकदा नवरात्रात दोघं लेकीकडे, अर्चनाकडे, ठाण्याला निघाली. ती टेंभी नाक्याजवळ राहते. तिथे नवरात्रात देवीच्या गर्दीत मुंगीला वाट मिळत नाही. पण युनिटचं मूळ रूप ओळखून स्वयंसेवकांनी शिट्ट्या मारल्या, गर्दी हटवली, दोऱ्या वर केल्या. काकांना भयंकर शरम वाटली. फसवणूक कशी करायची? त्यांनी मागे वळून हुकूम सोडला, "सुमन, आडवी हो!" सुमनताई पुरणपोळ्यांचा डबा पोटावर घेऊन आडव्या झाल्या आणि नाक्यापर्यंत प्रामाणिकपणे कण्हल्या.

दसऱ्याला लोक बॉनेटवर स्वस्तिक काढतात. सुमनताईंचं तिथेही वेगळंच. "जिथून खाते तिथे कुंकू लावावं," असं म्हणून त्या डिझेलच्या टाकीच्या झाकणावर मधोमध ठसठशीत टिळा लावायच्या. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या. तेव्हापासून हे काम काका करतात. पावसाने जाऊ नये म्हणून कुंकू खोबरेल तेलात कालवतात आणि दरवर्षी टिळ्यावर टिळा चढवतात.

तर हे युनिट गेल्या पावसाळ्यानंतर बिघडलं. चालता चालता एकदम त्याचा दम जायचा. पाय पूर्ण दाबला तरी बैलगाडीच्या वेगाने सरकायचं आणि चढ आला की बंदच पडायचं. तासभर उभं केलं की पुन्हा शहाण्यासारखं सुरू. काका पेटून उठले! डिझेलचा फिल्टर बदलला. हवेचा फिल्टर उघडला, त्यात उंदराने सोसायटीच्या नोटिसांचं घर केलं होतं, ते हलवलं. सायलेन्सर उतरवून आत विजेरी मारली. नळी न् नळी फुंकून बघितली. मी लिहीत होते : लक्षण, दम जाणे. कारण, शोध चालू. शीळ रोडच्या मेकॅनिकने सांगितलं, "काका, पंपच बदलायला लागेल." काकांनी विचारलं, "कशावरून?" तो म्हणाला, "अनुभव." काकांनी त्याच्यापुढे वही उघडून धरली. पुन्हा तो आमच्या गल्लीत दिसला नाही.

अर्चनाचा मात्र धीर सुटला. मुरबाड रोडला काका दोन तास अडकले आणि फोन लागेना, त्या दिवशी ती ठाण्याहून रिक्षा करून आली ती रडतच. "बाबा, आईच्या वेळेला तुम्ही दोघं होतात. आता एकटे असता. रस्त्यात काही झालं तर मला कळणार कसं?" तिने आंबिवलीचं एक गिऱ्हाईक शोधलं. केटरिंगवाला होता, भांडी न्यायला त्याला अशी गाडी हवी होती. काका तोंड पाडून गाडी दाखवायला गेले. त्याने ती थेट कसारा घाट चढवून उतरवून आणली आणि युनिट एकदाही थांबलं नाही! केटरिंगवाला खूश. काका घरी येऊन म्हणाले, "फितूर झालं हो, सामंतबाई."

शेवटी बापलेकीत तह झाला. रविवारी अर्चनाला घेऊन माळशेज चढायचा. न थांबता बोगद्यापर्यंत गेलं तर युनिट राहील. थांबलं तर सोमवारी केटरिंगवाला किल्ली नेईल. मी वहीसकट मागच्या पलंगावर.

कल्याणला टाकी काठोकाठ भरली. मुरबाडपर्यंत युनिट असं पळालं की काका गुणगुणायला लागले. सरळगाव मागे पडलं. टोकावडेही गेलं. मी देवाला नारळ बोलले. घाटाची पहिली चढण लागली, दुसरं वळण आलं आणि दम गेला. मागून एक टेम्पो हॉर्न मारत गेला. काकांनी कसंबसं कडेला घेतलं.

काका खाली उतरले. बॉनेट ठोकलं, फिल्टर ठोकला, नळ्या ठोकल्या. प्रत्येकाला तीनदा. अर्चना खिडकीतून बघत होती. "मावशी," ती हळूच म्हणाली, "मला काय आनंद होतोय का गं?" तिचे डोळे भरले होते.

मी वही उघडली. माझंच अक्षर मी पहिल्यांदा सलग वाचलं. कल्याणला डिझेल भरलं, रायत्याच्या पुढे दम गेला. कल्याणला डिझेल भरलं, शहापूरच्या आधी दम गेला. बदलापूरला भरलं, पुन्हा तेच. भरल्यावर थोडा वेळ उत्तम आणि मग खलास! पान उलटलं तर आंबिवलीची फेरी. तिथे काकांच्या सांगण्यावरून मी लिहिलं होतं : 'झाकण पंपावर विसरलं. टाकीच्या तोंडात फडकं कोंबून गिऱ्हाईकाकडे गेलो. युनिट उत्तम. परत जाऊन झाकण आणलं.'

मी पलंगावरून उडीच मारली.

"काका! झाकण! झाकण नव्हतं तेव्हाच ती चालली!"

काका वळले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "व्हेंट! अहो, व्हेंट!" बोलता बोलता ते किल्ली घेऊन टाकीकडे धावले. गुडघे दुखतात असं रोज सांगणारा माणूस चक्क धावला! किल्ली फिरवली, झाकण सैल केलं आणि टाकीने एवढा मोठा श्वास आत ओढला की तो अर्चनाला गाडीत ऐकू गेला.

"काय झालं? काय झालं, बाबा?"

"झाकणाला बारीक भोक असतं गं. डिझेल जाईल तशी तिथून हवा आत यायला लागते. हवा नाही आली की टाकी डिझेल धरून ठेवते, सोडत नाही. फडक्यातून हवा जात होती, म्हणून कसारा चढली! तेहतीस वर्षं मी व्हेंट तपासले आणि माझ्याच गाडीचा..."

ते थांबले. झाकण त्यांच्या तळहातावर होतं. मधोमध कुंकवाचा थर, वर्षांवर वर्षं चढून, तेलाने दगडासारखा घट्ट झालेला. भोक त्याच्याखाली गाडलं गेलं होतं. मला आठवलं, दर रविवारी काका सबंध युनिट साबणाने धुतात. मघाशी त्यांनी सगळं ठोकून पाहिलं, पण या झाकणाला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

अर्चनाने फडकं पुढे केलं. "हे घ्या, पुसून टाका. दोन मिनिटांचं काम."

काकांनी फडकं घेतलं नाही.

"वरचे चार थर माझे आहेत," ते म्हणाले. "सगळ्यात खालचा तिचा. तिचं बोट आहे त्याच्यात. मी कधी धुतलं नाही ते."

अर्चनाने फडकं मागे घेतलं. मी माझ्या बांगडीतली पिन काढून काकांच्या हातात दिली. ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसले, चष्मा कपाळावर सारला आणि झाकण डोळ्यांजवळ धरून टोचायला लागले. एवढा मोठा हात आणि एवढीशी पिन. कुंकवाचा एक कण इकडे तिकडे जाऊ दिला नाही. अर्चना त्यांच्यावर सावली धरून उभी राहिली. पंधरा मिनिटांनी त्यांनी झाकण आभाळाकडे धरलं. टिळ्यातून सुईच्या टोकाएवढा उजेड आला.

मग काय सांगू! युनिट असं सुटलं की मी पलंगाला दोन्ही हातांनी धरून बसले. मघाशी हॉर्न मारून गेलेला टेम्पो चहाच्या टपरीवरून नुकताच निघताना दिसला. "बाबा, घ्या! घ्या पुढे!" अर्चना खिडकीतून अर्धी बाहेर. "सामंतबाई, वेग लिहा!" काका ओरडत होते. लिहिते कसली, पेन कधीच पलंगाखाली गेलं होतं. टेम्पो मागे पडला, वळणं मागे पडली आणि बोगद्याच्या काळोखात आम्ही तिघं शाळेच्या सहलीतल्या पोरांसारखी ओरडत शिरलो.

बोगद्यापलीकडे काकांनी शेगडीवर चहा टाकला. अर्चनाने तिथूनच आंबिवलीला फोन लावला. "गाडी द्यायची नाहीये, दादा. सॉरी हं. नाही, गाडी उत्तम आहे, म्हणूनच." फोन ठेवून ती बापाला म्हणाली, "पण एकट्याने जायचं नाही. मला सांगायचं. मी येईन." काकांनी मान हलवली आणि चहाच्या भांड्यात नको तेवढा वेळ बघत राहिले.

मी पेन शोधलं, वही उघडली. वेळ लिहिली. लक्षण, दम जाणे. उपाय, पिन. मधला रकाना उरला.

"काका, कारण काय लिहू?"

त्यांनी वही हातात घेतली, पानावरून अंगठा फिरवला आणि मिटून मला परत दिली.

"तेवढा राहू दे, सामंतबाई," ते म्हणाले. "रिकामाच राहू दे."